पायी हिंडणाऱ्याचा मुक्काम

वाचकहो, पावसाळा ओसरला, माळावर सोनकी पिवळी झाली की आपल्या सातारा-सांगलीकडच्या डोंगरवाटांवर अलीकडे एक निराळाच माणूस दिसू लागला आहे. पायात जाड बूट, पाठीवर पोत्याएवढी पिशवी, हातात काठी. घरी मोटार असून हा चालतो. काही विकायला आलेला नसतो, सोयरीक बघायला आलेला नसतो, देवाचा नवस फेडायचा नसतो. नुसता चालायला म्हणून आलेला असतो. पारावरची म्हातारी माणसे त्याच्याकडे बघून हळहळतात, ‘बिचाऱ्याची यष्टी चुकली वाटतं.’

हा माणूस दिवसभर चालतो आणि दिवस मावळायच्या सुमारास गावात येऊन एकच प्रश्न विचारतो, ‘इथं राहायला कुठं मिळेल?’ त्या प्रश्नाविषयी आज तुमच्याशी बोलावे असे मनात आहे. कारण त्याचे उत्तर तुमच्या-आमच्या घरात आहे, आणि नेमके तेच घर आपण पाडायच्या बेतात आहोत.

तसे पाहिले तर चालणारा आणि त्याचा मुक्काम ही जोडी आपल्याला नवी नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. त्या दिवसांत त्या वाटेवरच्या घरांना दारे असतात असे म्हणवत नाही. सोपा वारकऱ्यांचा, गोठा वारकऱ्यांचा, शाळेचा व्हरांडा वारकऱ्यांचा. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी निघतात, मुंगी घाटाचा तो कडा माणसे खांद्यावर कावड घेऊन चढतात, आणि वाटेवरच्या गावांना त्यांच्या भाकरीची काळजी असते. सज्जनगडावर आजही भक्तांची राहण्याची आणि प्रसादाची सोय विनामूल्य होते. कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताच्या पायाशी राहायला गेलेल्या माणसाला ‘कुठून आलात’ यापलीकडे फारसे कोणी विचारीत नाही. तेव्हा चालणाऱ्याला आसरा कसा द्यावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. फरक इतकाच की तो चालणारा देवाचा होता. हा नवा चालणारा कोणाचा, हे आपले अजून ठरलेले नाही. तो पाहुणा की गिऱ्हाईक?

मी हे कोणत्या अधिकाराने बोलतो, तेही सांगून टाकतो. मी शेतकी खात्याचा माणूस. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. जावळी, पाटण, शिराळा, जत अशा तालुक्यांतून बदल्या झाल्या. सुरुवातीच्या काळात पंचायत समितीची जीप साहेबांना असे, आम्हाला एसटी आणि पाय. लांबच्या गावाला दिवसातून एकच गाडी. ती चुकली की मुक्काम ठरलेला. बियाण्याची पाकिटे आणि माती परीक्षणाच्या पिशव्या उशाला घेऊन मी इतक्या घरांत झोपलो आहे की बायको अजून विचारते, ‘तुमचं घर नेमकं कुठलं?’

त्या घरांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आपल्या एकट्या सातारा जिल्ह्यात पाऊस किती निरनिराळा पडतो पाहा. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तिथून पूर्वेला माणदेशात पाचशेच्या आतबाहेर. हा फरक आम्ही पुस्तकातून शिकलो, पण खरा कळला तो घरांत राहून. कोयनेच्या अंगाला भिंती कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या. छप्पर इतके उतरते की आत शिरताना वाकावेच लागते, नाहीतर कपाळाला वासा. पावसाळ्यात जनावरे घराच्या एका अंगालाच बांधलेली. पहिल्या रात्री मला झोप आली नाही, कारण पलीकडे म्हैस रवंथ करीत होती. दुसऱ्या रात्री तोच आवाज ऐकत झोपलो. बाहेर पाऊस कोसळतो आहे, चुलीवर इरली वाळत घातली आहेत, आणि जनावरांच्या उबेने ते सारे घर पेटीसारखे गरम झाले आहे. नाचणीची भाकरी, वर लाल तिखट आणि तेल, शेजारी वाफाळता भात. त्या भाताला जो वास होता तो मी पुढे मोठमोठ्या हॉटेलांतून शोधला.

जतला, आटपाडीला, माणात निराळेच. तिथे माळवदाची घरे. दीड हात जाड भिंती, वर लाकडाचे छत आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. वैशाखात बाहेर पाय भाजत असताना आत शिरावे तर रांजणात उतरल्यासारखे वाटते. रात्री मात्र आत कोणी झोपत नाही. शिडी लावून सगळे घर माळवदावर. अंगाखाली घोंगडी, वर आभाळ. शेजारच्या माळवदावरचा म्हातारा पडल्या पडल्या माझ्याशी बोलत असे, मध्ये बोळ आहे याचे त्याला काही वाटत नसे. त्याने मला नक्षत्रे दाखविली आणि कोणत्या नक्षत्राचा पाऊस कसा दगा देतो हे सांगितले. तेवढे मला महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते.

आणि कृष्णाकाठचे वाडे! दिंडी दरवाजा, चौक, चारी बाजूंनी सोपा, माजघरात बळद, वर माडी. हळद शिजवायच्या दिवसांत सांगलीकडच्या अशा एका वाड्यात राहिलो होतो. अंथरूण, पांघरूण, सकाळचा चहा, सगळ्याला हळदीचा वास. कऱ्हाडच्या बाजूला गुऱ्हाळ चालू असले की रात्री उशिरा कोणीतरी गरम काकवीची वाटी आणून देई आणि वर विचारी, ‘साहेब, आमच्या उसाला लोकरी मावा कशानं आला?’ मुक्कामाची ती किंमत असे. मी ती आनंदाने देत असे.

हे सगळे आठवणींचा पसारा मांडायचा म्हणून सांगत नाही. सांगायचा मुद्दा असा की, ही तिन्ही घरे तुम्हाला डोळे बांधून नेऊन सोडले तरी, आपण कुठे आलो ते सांगतात. इथे पाऊस किती, माती कसली, पिकते काय, जनावर कोणते, हे सारे भिंतीवर आणि ताटात लिहिलेले असते. पायी हिंडणारा माणूस त्यासाठीच येतो. गाडीतून जाणाऱ्याला पलंग आणि पंखा पुरतो. जो पायाने मुलूख मोजीत आला आहे, त्याला रात्री त्याच मुलखात झोपायचे असते. शहरातल्या खोलीसारखी खोली त्याला तुम्ही दिलीत, तर तो म्हणेल, हीच हवी होती तर मी घरूनच का निघालो?

इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी ही गोष्ट आपल्या आधी पुष्कळ वर्षे ओळखली. तिथे डोंगरातली शेती म्हणजे मुख्यतः मेंढ्या आणि थोडी गुरे, आणि त्यावर घर चालणे तिथेही कठीण. म्हणून शेतकऱ्याची बायको घरातली एकदोन खोल्या चालणाऱ्यांना देते. रात्रीचा पलंग आणि सकाळची भरपेट न्याहारी, एवढाच सौदा. कुठे जुन्या दगडी गोठ्यात, धान्याच्या कोठारात नुसत्या झोपायच्या जागा केलेल्या असतात, अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणायचे. फिरणाऱ्या तरुणांसाठी स्वस्त वसतिगृहांची त्यांची संस्था १९३० सालची. १९३२ साली मँचेस्टरकडच्या कामगार पोरांनी बड्या जमीनदारांच्या माळावर मुद्दाम घुसून चालण्याचा हक्क मागितला, त्यातले काही तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली कायदा झाला आणि १९६५ साली पेनाइन वे नावाची २६८ मैलांची पायवाट डोंगरकण्यावरून खुली झाली. त्या वाटेवर टॅन हिल नावाची एक जुनी दगडी खानावळ आहे, समुद्रसपाटीपासून १७३२ फुटांवर, आसपास दुसरे घर नाही. ब्रिटनमधली ती सर्वांत उंचावरची. दारू मिळते, हे खरे, पण चिखलाने भरलेल्या माणसाला शेकायला विस्तव आणि झोपायला जागाही मिळते. तिथे कोणी संगमरवर मागत नाही.

आमच्या खात्यात मला त्या देशाची जी हकिगत पहिल्यांदा कळली ती मात्र या संबंधात नव्हती, लाळ्या-खुरकुताच्या संबंधात होती. २००१ साली तिकडे त्या रोगाची जबर साथ आली. साठ लाखांवर जनावरे मारून टाकावी लागली, आणि रोग पसरू नये म्हणून शेतांतल्या पायवाटा बंद केल्या. तेव्हा असे दिसून आले की नुकसान एकट्या शेतीचे नाही. वाटा बंद म्हणजे चालणारे बंद, चालणारे बंद म्हणजे घरगुती मुक्काम, खानावळी, दुकाने सारे बंद. खेड्याचा किती पैसा त्या चिखलाच्या बुटांवर अवलंबून होता, ते बूट यायचे थांबले तेव्हा कळले.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, ती म्हणजे वाट. तिथे शेतातून सार्वजनिक पायवाट जात असेल तर ती नकाशावर नोंदलेली असते. शेतकऱ्याने नांगरट केली तरी ठराविक दिवसांत त्याला ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कुंपण आडवे आले तर ओलांडायला पायऱ्या असतात. आपल्याकडे १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे, जमीन महसूल कायद्याचे १४३ कलम आहे, पण ते आपापल्या शेतात जाण्याच्या वाटेपुरते, आणि तेही भांडण तहसीलदारापुढे गेल्यावर. बाकी पाणंद दरवर्षी एक तास आत घ्यायची ही आपली रीत. शेजाऱ्याची बैलगाडी जात नाही तिथे पुण्याचा पाहुणा कुठून जाणार? तेव्हा मुक्कामाच्या खोलीला रंग देण्याआधी गावाने आपली जुनी वाट मोकळी करावी. त्यात पाहुण्यापेक्षा आपलाच फायदा जास्त आहे.

आपल्या भागात चांगले काही झालेच नाही असे नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधले भिलार पाहा. स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. वेल्समध्ये, इंग्लंडच्या अगदी सीमेला लागून हे-ऑन-वाय नावाचे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध गाव आहे, त्यावरून ही कल्पना आली. योगायोग असा की त्या गावातूनही एक लांब पल्ल्याची पायवाट जाते. पण भिलारने नक्कल केली नाही. तिथे पुस्तकांची दुकाने आहेत, इथे लोकांनी आपल्या घरातली खोली, ओटा, देऊळ, शाळा पुस्तकांना दिली. सुरुवातीला अशा पंचवीस जागा होत्या. कोणाच्या घरी कथा-कादंबऱ्या, कोणाच्या घरी इतिहास, कोणाच्या घरी संतसाहित्य. वाचणे फुकट. जेवण-मुक्कामाची सोय काही घरांतून पैसे देऊन होते. एका बाजूला घरचे लोक स्ट्रॉबेरी निवडताहेत, दुसऱ्या बाजूला कोणी अनोळखी माणूस त्यांच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसला आहे, आणि दोघांनाही एकमेकांचे काही वाटत नाही. मला हे फार आवडले.

उलट बाजूही दिसते. कासचे पठार २०१२ साली सह्याद्रीबरोबर जागतिक वारशात गेले, आणि फुलांच्या दिवसांत लोकांची रीघ लागली. वनखाते आणि गावांची समिती प्रवेशशुल्क घेऊन गर्दी आवरू पाहते. पण साताऱ्याहून पठाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जी बांधकामे उठली, ती तुम्ही वर्तमानपत्रांत वाचली असतील. त्यांतली काही पाहिली की मला कळत नाही मी साताऱ्यात आहे की लोणावळ्यात. तीच निळी टाकी, तोच कारंजा, सिमेंटचा तोच बैल. खरा बैल चार पावलांवर चरतो आहे!

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या घरातली.

माझी थोरली बहीण जावळी तालुक्यात दिली आहे. घर डोंगराच्या उतारावर. दगडी जोते, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे ओटा, लगत गोठा. खाली दूरवर कोयनेच्या जलाशयाचे एक टोक चमकते. दाजी वारले. घरात अक्का आणि तिची सासू, ऐंशी ओलांडलेली. भाचा वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. जावळी-पाटणात असे घर नवे नाही. निम्मी गावे मुंबईत, आणि निम्म्या घरांना कुलपे. दोन वर्षांपूर्वी भाचा गावी आला तो कागदावर चित्र घेऊनच. जुने घर पाडायचे, कर्ज काढून चार खोल्यांचा स्लॅब टाकायचा, रंगीत फरशी, दारात पोहण्याचा हौद. मामा सरकारी नोकरीत, तेव्हा बँकेची कागदपत्रे मामाने बघावीत.

मी त्याला वर लिहिले आहे ते सारे सांगितले. माळवद सांगितले, काकवी सांगितली, इंग्लंड सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “मामा, तुम्हाला एक रात्र राहायला बरं वाटतंय. आई बारा महिने सारवतीया. उन्हाळ्यात शिडीवर चढून कौलं कोण चाळतंय, ते बघितलंय का?”

वाचकहो, याला उत्तर सोपे नव्हते. मातीचे घर चांगले म्हणणारे आपण बहुतेक पुरुष असतो, आणि सारवणारा हात दुसऱ्याचा असतो.

तेवढ्यात आजी आतून म्हणाल्या, “आल्या-गेल्याकडनं भाकरीचं पैसं घ्यायचं? मग खानावळच घाला की. दारावर पाटी लावा.” त्यांच्या बोलण्यातही खोटे काही नव्हते. त्या घराच्या ओट्यावरून कोणी उपाशी उठलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि उतारवयात आपल्या अन्नाची किंमत ठरते आहे हे त्यांना सोसत नव्हते.

अक्का इतका वेळ भाकरीच थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून ती म्हणाली, “आत्या, भाकरी मी थापणार. पस्तीस वर्सं थापली, कुणी मोजली न्हाईत. आता कुणी मोजून पैसं देणार असंल, तर देऊ द्या की.”

नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. हिशेब मग त्याच रात्री कागदावर मांडला, आणि तो अक्काच्या बाजूने मांडला. घर राहील, पण तिचे कष्ट कमी होतील अशा बेताने. मातीच्या भिंती राहिल्या. छपराची कुजकी लाकडे बदलली, कौलांखाली फळ्या मारून घेतल्या, त्यामुळे गळती थांबली आणि शिडीही सुटली. माणसे वावरतात त्या भागात शहाबादी फरशी घातली. ओटा आणि माडी तेवढी सारवायची. गोठ्याच्या पलीकडे दोन स्वच्छ संडास आणि न्हाणी बांधली, कारण एवढी एक गोष्ट चालणारा माणूस जुन्या पद्धतीची मागत नाही, आणि आपल्या बायकांनीही ती कधी आनंदाने सोसलेली नव्हती. पाण्याची टाकी उंचावर घेतली. चार खोल्यांच्या स्लॅबपेक्षा खर्च पुष्कळच कमी आला, त्यामुळे बोजाही थोडा.

नेम ठरविले ते असे. किती माणसे येणार ते दुपारी बाराच्या आत कळवायचे, रात्री नऊला दहा भाकऱ्या वाढवायच्या नाहीत. घरात जे शिजेल तेच ताटात. वेगळी भाजी नाही, कोंबडीचा आग्रह नाही. आपले ताट आपण उचलायचे. दारू आणि दणदणाट नाही. आणि पैसे अक्काच्या हातात द्यायचे, अक्काच्या खात्यात जायचे. या शेवटच्या नेमाला भाच्याने जरा वेळ घेतला, पण कबूल केले. मी तर म्हणेन की ज्या घरात हा नेम पाळवणार नाही त्याने या उद्योगात पडू नये. रांधणारी एक आणि पाकीट दुसऱ्याच्या खिशात, अशी शेती आपण पुष्कळ केली.

ज्यांना हे रीतसर करायचे आहे त्यांच्यासाठी राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आहे. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते, आणि खोल्यांची मर्यादा आठ. अटी नीट वाचून घ्या. अभयारण्याच्या हद्दीला लागून जमीन असेल तर आधी वनखात्यात जाऊन विचारा. नुसता ग्रामपंचायतीचा दाखला तिथे पुरत नाही.

अक्काकडे आलेल्या लोकांची एक गंमत सांगतो. पाहुणे येण्यापूर्वी भाच्याने माडीत नवी गादी, नवी चादर घातली होती. पहिल्याच तुकडीतल्या एका बाईने कोपऱ्यातली वाकळ मागून घेतली आणि सकाळी अक्काला विचारले, ही कोणाच्या साड्यांची? अक्काने एकेक तुकडा दाखवून सांगितले, हे लुगडे आत्याचे, हा परकर नणंदेचा, हे माझ्या लग्नातले. बाई तासभर बसली. वासोट्याला जायची त्यांची होडी चुकली. बामणोलीहून वासोट्याला जायचे तर सकाळी लवकरच निघावे लागते, वनखात्याचा परवाना काढावा लागतो आणि वर मुक्काम करता येत नाही. त्यांनी तो दिवस शेताच्या बांधाने हिंडण्यात घालविला आणि आणखी एक रात्र राहिले.

सगळेच असे येतात असे नव्हे. एक टोळके रात्री अकराला येऊन वायफाय मागू लागले. त्यांना दुसरीकडची वाट दाखवावी लागली. भाचा अजून वाशीलाच आहे. मोसमात रजा काढून येतो, जून उजाडला की जातो. एवढ्या उत्पन्नावर घर चालेल असे मी कोणाला सांगणार नाही. पण ते घर उघडे आहे, आणि भाच्याची बायको म्हणते की पोरांना सुट्टीत गावीच पाठवू.

सांगलीकडच्या वाचकांना वाटेल, कास-कोयना साताऱ्याला, आमच्याकडे चालायला काय आहे? तर सागरेश्वर आहे. ओसाड टेकड्यांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभे राहिलेले ते जंगल. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ, काळवीट आहेत. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. सकाळी डोंगर, दुपारी देवळे, आणि भोवती ऊस-द्राक्षांची गावे. तिथल्या एकदोन घरांनी सोपा मोकळा केला तर दोन दिवसांचा छान मुक्काम होईल. मिरज-कवठेमहांकाळच्या मधला दंडोबाचा डोंगर आहे, तिथे कोरलेले देऊळ आहे आणि पहाटे चढून जाण्यासारखी वाट आहे. शिराळ्याच्या पुढे चांदोलीच्या कडेची गावे आहेत. पावसाळ्यात तिकडे गेलात तर जळवांसाठी मीठ-हळद बरोबर ठेवा.

आणि ही चालण्याची मजा शहरवाल्यांनीच का घ्यावी? रब्बीची पेर झाली, पहिले पाणी दिले, की आपल्यालाही दोन दिवस काढता येतात. आपली बाईमाणसे घराबाहेर पडतात ती माहेरी, लग्नाला, नाहीतर वारीला. म्हणून गेल्या वर्षी मीच अक्काला म्हटले, चल, दोन दिवस चालून येऊ. ती म्हणाली, “चालायला कशाला जायचं? रोज चालतीच की.” तरी आली. जावळीच्या अंगाने घाट चढून आम्ही वर भिलारला गेलो आणि एका घरी उतरलो. रात्री जेवायला बसलो. तिच्यापुढे कोणीतरी वाढलेले ताट आले, तशी ती दोनदा उठायला निघाली. जेवण झाल्यावर ताट घेऊन मोरीकडे गेली, तर त्या घरच्या बाई म्हणाल्या, “राहू द्या हो ताई, मी बघते.” अक्काने ताट खाली ठेवले नाही. दोघींनी मिळून भांडी घासली. बराच वेळ आतून बोलण्याचा आवाज येत होता. दुधाचा भाव, सुनांच्या तऱ्हा, आणि एका माणसाच्या जेवणाचे त्या किती लावतात.

सकाळी निघताना पैसे तिनेच दिले, पदराच्या गाठीतून काढून, घासाघीस न करता. खाली उतरताना मला म्हणाली, “आपल्यापेक्षा वीस रुपये जास्ती घेत्यात. पण आमटी आपली चांगली.”